जिकडे हात, तिकडे सुकाणू

स्वयंपाकीण माक सियारने हात वर केला तो केलाच. एका हातात भाताचा डाव, दुसऱ्या हाताचं बोट पश्चिमेकडे.

"ती बघा माझी रोस! पाण्याच्या ओढीत गेली!"

बोटीचा तांडेल विर्यो धावत बाहेर आला. त्यालाही पाण्यावरचा खुणेचा नारिंगी फुगा दिसला, प्रवाळाच्या रांगेपासून चांगलाच लांब. फुग्याशी तीन डोकी. एक माकची पोरगी रोसनियार, बोटीवरच्या पाणबुड्यांना वाट दाखवणारी. बाकीची दोन तिच्या भरवशावर उतरलेलं मेदानचं नवराबायकोचं जोडपं. विर्यो इंजिनासाठी ओरडला. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली.

डिझेलच्या नळीत हवा धरली होती. लाहामू मेकॅनिक शिव्या देत खाली शिरला. दुपारचे चार वाजून गेलेले, बाकीच्या बोटी केव्हाच परतलेल्या. बंदराने वायरलेसवर कळवलं, दोन तासांत येतो. दोन तासांनी अंधार पडणार होता, आणि अंधारात तीन डोकी कोण शोधणार, कपाळ!

विर्योच्या बोटीवर एक नियम होता, त्याने स्वतःच केलेला. पाण्यातला माणूस ज्याला दिसतो त्याने त्याच्याकडे हात रोखून धरायचा, नजर हलवायची नाही, आणि बोट त्या हाताच्या दिशेने जायची. जिकडे हात, तिकडे सुकाणू. हात खाली आला, की मग तांडेलचा शब्द. हा नियम एका स्वयंपाकिणीच्या हाती पडेल असं काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"तीन मिनिटं!" तो चरफडला. "वर यायच्या आधी पाच मीटरवर तीन मिनिटं लटकत बसायचं! ओढ लागलीय हे कळत नव्हतं तिला? सरळ वर यायचं की!"

"तिचा बाप आला होता सरळ वर," माक मान न वळवता म्हणाली. "रक्तात हवा धरली, आणि अकरा वर्षं खाटेवर काढली त्याने, कमरेखाली मेलेला. माझी पोर थांबणारच. तुम्ही इंजिन बघा."

विर्यो खाली जाऊन लाहामूला बॅटरी धरायला लागला.

इंजिन लागायला चाळीस मिनिटं गेली. दोर सोडला, बोट निघाली. माक बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभी, हात तसाच. डाव कुठे गेला कोण जाणे, आता दुसऱ्या हाताने तिने कोपराला टेकू दिला होता. ऊन समोरून डोळ्यांत घुसत होतं आणि ती पापणीसुद्धा मिटत नव्हती.

पुढे बेटापाशी पाणी फुटतं. एक धार उत्तरेला, बेटाच्या आडोशाला जाते. दुसरी दक्षिणेला, उघड्या समुद्रात. विर्योने भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं, त्यातल्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि सुकाणू उत्तरेला वळवलं.

"दक्षिणेला घ्या," माक म्हणाली.

"कोष्टकात उत्तरेची धार आहे, माक."

"कोष्टक ठेवा खिशात. आजच्यासारख्या अमावास्येच्या उधाणाला इथलं पाणी दक्षिणेची धार धरतं. माझा जन्म ह्याच पाण्यावरच्या घरातला."

विर्योचं डोकं सटकलं. तीन जीव, आपलं लायसन, वर ही शिकवणी! "भातात किती पाणी घालायचं ते तू सांग. समुद्राचं मी बघतो."

माकने हात सावकाश डावीकडे नेला, दक्षिणेला, आणि तिथे खुंटीसारखा रोवला.

"मला दिसतायत," ती म्हणाली. "हात वर आहे, तांडेल. नियम तुमचाच."

त्याने दुर्बीण लावली. नुसतं चकाकणारं पाणी. "अगं, दुर्बिणीत काही नाही!"

"दुर्बिणीला पोटची पोर नाही."

लाहामू फस्सकन हसला. विर्योने दातओठ खात सुकाणू फिरवलं.

पाव तास गेला. अर्धा तास गेला. सूर्य पाण्याला टेकायला आला. मागे उत्तरेचं बेट लहान होत चाललं, आणि विर्यो सारखा मागे वळून बघायला लागला. ते तिघे तिकडे असतील तर? आपण बाईच्या हट्टापायी त्यांना मागे टाकून चाललोय तर?

"दिसतायत अजून?" त्याने विचारलं.

"दिसतायत."

"माक, खरं सांग. अजून पाच मिनिटं, मग मी वळवणार."

"हात खाली आला की वळवा." टेकूच्या हाताने तिने कोपर आणखी वर ढकललं. "तोडून काढलात तरी चालेल, खाली येणार नाही."

चौथ्या मिनिटाला लाहामू टपावरून किंचाळला. नारिंगी! थेट नाळेसमोर, एक ठिपका.

रोसनियारने तिघांना एका दोरीत बांधून घेतलं होतं. ओठ निळे पडलेले, जोडप्यातली बायको हुंदके देत होती, पण तिघंही धड होती. रोस शिडी चढून आली आणि पहिलं वाक्य बोलली, "आई, भूक लागलीय." माकने तिला दोन शिव्या हासडल्या आणि मग एका हाताने छातीशी आवळलं. दुसरा हात अजून हवेतच होता. तो तेल लावून लाहामूने खाली आणला.

विर्यो खूप वेळ घुटमळला. शेवटी जवळ येऊन बसला. त्याला लाज वाटत होती, आणि ती लपत नव्हती.

"माक, दुर्बिणीतून मला दिसले नाहीत. तुला एवढ्या लांबून कसे दिसले?"

"मला तरी कुठे दिसत होते? इंजिन लागायच्या आधीच फुगा नाहीसा झाला." माक खांदा चोळत म्हणाली. "खरं काय ते आधी सांगितलंच होतं, तांडेल. तुम्ही ऐकलं नाहीत. मग खोटं सांगितलं."