दोन बोटं खाली

वजन म्हणजे भित्र्यांची सोय, असं म्हणत त्याने जन्मभर शिडाच्या होड्या हलक्या केल्या. फळ्या कागदासारख्या पातळ करायचा, खलाशांच्या टूथब्रशच्या दांड्यासुद्धा अर्ध्या कापायचा. पाणी कुठवर येईल ती लाल रेघ तो होडीवर आधीच ओढून ठेवायचा, आणि पाणी मुकाट तिथेच येऊन थांबायचं.

आज शर्यतीची नवी होडी उतरवायची होती. सकाळपासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. क्रेनने होडी पाण्यात सोडली आणि रेघ बुडाली, चांगली दोन बोटं. धक्क्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"वय झालं. गणित चुकलं," कोणी विचारायच्या आत तो म्हणाला.

या होडीतून एकटीच समुद्र ओलांडणार होती त्याची मुलगी. ती आत उतरली. झोपायच्या जागेशेजारच्या फळीवर तिने टकटक केलं. पुढे केलं, मागे केलं. पातळ फळीचा तो ओळखीचा पोकळ आवाज कुठेच येईना.

ती वर आली.

"बाबा, इतकी वर्षं लोकांची पोरं पाठवलीत. तेव्हा एकदाही चुकलं नाही तुमचं गणित."