छत्रीच्या कापडाचा कावळा

विज्ञान आणि परंपरा यांच्यात मुळात भांडण नसतंच, असं शाळा समितीचे अध्यक्ष बुधाजी पाटील ऊर्फ नाना यांनी शाळेच्या व्यासपीठावरून ठामपणे सांगितलं होतं. आज त्यांचं दहावं होतं. पिंड सकाळपासून खाडीच्या बांधावर मांडून ठेवला होता आणि गावात एकही कावळा नव्हता.

कावळे नव्हते, कारण बुधाजींनीच त्यांचा बंदोबस्त केला होता. एका संस्थेने शाळेला संगणक शिकायच्या पेट्या दिल्या होत्या. आत छोटा बोर्ड, सेन्सर, मोटार, वायरी. पेट्या कपाटात राहणार नाहीत, असा बुधाजींचा हुकूम होता. मग सातवीतल्या प्राप्तीने कावळे हाकलायचं यंत्र केलं. तुटक्या छत्रीच्या कापडाचा कावळा, करवंटीची चोच. वाळत घातलेल्या जवळ्यावर, त्या बारीक मासळीवर, काही उतरलं की सेन्सरला कळे, आणि कापडी कावळा फडफडून अंगावर येई. सॉफ्टवेअर मोकळं होतं, म्हणजे प्रोग्राम कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. मुलांनी तो वाटला. हळूहळू प्रत्येक वाळवणावर एक छत्री बसली. कावळे खाडी ओलांडून पलीकडच्या गावी गेले.

बुधाजींचा थोरला हरेश्वर बांधावर हात जोडून उभा होता. न्हावा शेवा बंदरात त्याचे ट्रेलर चालत. आईला सांभाळीन, असा शब्द त्याने दिला. आकाश रिकामं. धाकट्या भावाशी बोलेन, असाही दिला; तेव्हा आवाज जरा पडला. आकाश तसंच.

"नानाचा जीव कशान अडकलाय रं?" जवळा वाळवणारी म्हातारी मैना म्हणाली.

"जीव नाय अडकला, आये," मागून कुणीतरी बोललं. "पोरांनी गावान कावलाच ठेवला नाय."

हरेश्वर वळला. मागे शाळेतले निकेत सर आणि प्राप्ती उभे होते.

"सर, ती यंत्रं आत्ताच्या आत्ता बंद करा. आनि उद्या सगल्या पेट्या कपाटान. चावी माझ्याकडं."

समितीचा पुढचा अध्यक्ष तोच होणार होता. सर "बरं शेठ" म्हणाले. यंत्रं बंद झाली, तरी कावळा आला नाही. पलीकडच्या गावातही जवळा होता, आणि तो राखायला छत्र्या नव्हत्या.

ऊन चढलं. भटजींना दुपारी दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाची जुडी काढली.

"अशा वेळी दर्भाचा कावळा करून शिववतात. शास्त्रात आहे."

"गवताचा?" हरेश्वरला ते काही पटेना.

"गवताचा चालतो, त मंग छत्रीचा काय वाईट?" मैना म्हणाली. "त्याला चोच तरी हाय. आनि त्याचा नारल नानानीच फोडलेला."

भटजींनी विचार केला. छत्रीचं कापड वर्ज्य असल्याचं त्यांना कुठे आठवेना.

प्राप्तीने शाळेचा लॅपटॉप मांडीवर घेतला. पडद्यावरचे रंगीत ठोकळे खालीवर केले. फडफड काढली, वाकणं घातलं. एका ठोकळ्यापाशी ती थोडी थांबली. मग तोही जोडला. निकेत सरांनी पडद्याकडे एकदा पाहिलं आणि नंतर बराच वेळ खाडीकडे.

कापडी कावळा पिंडाशी बसवला. भटजींनी मंत्र म्हटला, पाणी सोडलं. कावळा हलला नाही.

"चार्जिंग हाय ना त्याला?" हरेश्वरने विचारलं.

"हाय ना काका." प्राप्तीने एका हाताने हिरवा दिवा दाखवला. दुसरा हात खिशात होता.

यंत्र बिघडलं असेल, असं बांधावर एकालाही वाटलं नाही.

"यो पन शिवत नाय," कुणीतरी हळूच बोललं. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले.

"काय राह्यलं, नाना?" हरेश्वरचा आवाज आता खराच फुटला. "आईचं बोललो, भावाचं बोललो. आता काय राह्यलं, सांगा ना."

सगळ्यांनी आपापल्या परीने आठवून पाहिलं.

"पेट्या," मैना म्हणाली. तिचा जवळा सकाळपासून उघडा होता. "पेट्या कपाटान नको, असा म्हनायचा नाना."

हरेश्वरने कावळ्याकडे पाहिलं. कावळा समोर बघत होता.

"बरं," तो म्हणाला. "नाय टाकत कपाटान. पोरांकडंच राहतील. चावी पन नको मना."

कापडी कावळा वाकला आणि त्याने करवंटीची चोच भातात घातली. वर झाला, पुन्हा वाकला. हरेश्वर ओक्साबोक्शी रडू लागला. नाना गेल्यापासून तो रडला नव्हता. धाकट्या भावाने पुढे होऊन त्याला धरलं. दोघं एकमेकांशी बोललेही.

माणसं पांगल्यावर भटजी आसन गुंडाळत प्राप्तीपाशी आले.

"पोरी, परवा वरच्या आळीत एक दहावं आहे. हा तुमचा प्रोग्राम फुकट असतो म्हणे?"

"मोकला असतो," प्राप्ती म्हणाली. "कुनी पन न्यायचा. पायजे तसा बदलायचा."

"बदलायचं काही नाही." भटजींनी इकडेतिकडे पाहिलं. "तो शिवायच्या आधी थांबतो ना, तेवढं मात्र राहू दे."

प्राप्तीने मान हलवली. खिशातून बिनतारी बटण काढून तिने पेटीत जागच्या जागी ठेवलं. ते प्रत्येक पेटीत एक येतं.