पाचवा कागद

रेशन कार्डात नाव चढवायचं असो की उत्पन्नाचा दाखला काढायचा असो, कसबा पेठेतली माणसं थेट गजानननानांची बेल वाजवायची. तहसीलमधून रिटायर झालेले नाना आधी खेकसायचे, "कचेरी उघडलीय का मी इथं?" आणि मग तासभर समजावत बसायचे. शेवटी शेजारच्या अपेक्षानं पेठेचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि नानांकडून सगळी माहिती त्यावर टाकून घेतली.

"आता कुणी तुमचं डोकं खायला येणार नाही, नाना!"

खरंच कुणी आलं नाही. लोकांची कामं घरबसल्या फटाफट व्हायला लागली. नानांच्या एकेका मेसेजला पन्नास पन्नास अंगठे पडायचे. महिना असाच गेला, तेव्हा नानांनी स्वतःच बाहेर जाऊन बेल दाबून बघितली. चांगली खणखणीत वाजत होती.

सोमवारी ग्रुपवर नानांचा नवा मेसेज आला.


"रहिवासी दाखल्याला पाच कागद लागतात. चार खाली दिले आहेत. पाचवा समक्ष सांगण्यात येईल. वेळ: दुपारी एक ते चार. चहा मिळेल."