चौथा रकाना

“पतीचे नाव सांगा,” मशीननं तिसऱ्यांदा विचारलं आणि मनकर्णाबाईंनी तिसऱ्यांदा पदर तोंडाला लावला.

परभणीच्या कम्युनिटी कॉलेजात परीक्षा चालली होती. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि क्लाउड कॉम्प्युटिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा, त्यातला हा शेवटचा प्रयोग. राजनंदिनीनं बोलून भरायचा अर्ज तयार केला होता. आपण माइकसमोर बोलायचं. आवाज क्लाउडवर जायचा, तिथं त्याचे शब्द व्हायचे आणि पडद्यावरचे रकाने आपोआप भरायचे. लिहिता न येणाऱ्या बायांसाठी होतं हे सगळं. खरं तर एकाच बाईसाठी. ती तिची आई, आणि ती या घडीला माइकसमोर बसून लाजत होती.

अर्ज भरून घ्यायला आई कागद हातात धरून कुणाकुणाच्या दारात उभी राहायची. राजनंदिनीनं ते लहानपणापासून पाहिलं होतं, आणि तिला ते कधीच सहन झालं नव्हतं. आज प्रयोग पास झाला तर हे मशीन त्यांच्या गावच्या, ताडकळसच्या ग्रामपंचायतीत बसणार होतं. नापास झाला तर आई पुन्हा त्याच दारांत.

नाव, गाव, वय हे तीन रकाने झरझर भरले होते. आईनं वय चांगलं चार वर्षांनी कमी सांगितलं, तेही मशीननं मुकाट लिहून घेतलं. घोडं अडलं ते चौथ्या रकान्यापाशी. पहिल्यांदा विचारलं तेव्हा आई म्हणाली, “ह्ये काय, मागं बसल्यात की.” नाव सापडलं नाही तर ऐकलं तेवढं लिहायचं, असं मशीनला शिकवलेलं. पडद्यावर उमटलं, पतीचे नाव : मागं बसल्यात की. दुसऱ्यांदा उमटलं, राजीचे आबा.

आता तिसरी वेळ. मशीनमधला आवाज राजनंदिनीनं स्वतःचाच भरलेला. त्यामुळं आईला वाटत होतं, पोरगीच चारचौघांत चेष्टा करायलीय. ती माइकवर खेकसली, “भवाने, तुला तुझ्या बापाचं नाव ठावं न्हाई व्हय?”

मशीननं तेही इमानानं लिहिलं. अख्खा वर्ग बाकं बडवून हसला.

हसला नाही एकच माणूस. शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेले तिचे आबा, दत्तराव. सकाळपासून ते एकच वाक्य बोलत होते, तेच त्यांनी पुन्हा काढलं. “राजे, आटप बरं. साडेचारची गाडी हाय.”

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक रेणुका मॅडमनी चष्मा काढला. “तू मशीनची चाचणी कुणावर घेतलीस?”

“मैत्रिणींवर, मॅडम.”

“त्यातल्या लग्न झालेल्या किती?”

“एकपण न्हाई.”

“मशीन चांगलं ऐकतंय गं. पण अर्ज त्या बाईनं स्वतः पूर्ण भरला पाहिजे. दहा मिनिटं देते, शेवटची.”

राजनंदिनीनं पडद्यावरच्या चौथ्या रकान्याकडं पाहिलं. पाथरीपासून पूर्णेपर्यंतच्या शेकडो बायांचे आवाज तिनं मशीनला ऐकवले होते. खोकल्यातून, एसटीच्या घरघरीतून शब्द वेचायला शिकवलं होतं. आणि डोळ्यांसमोरची गोष्ट तेवढी दिसली नव्हती! रेशन दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की आई तिलाच पुढं ढकलायची. मतदानाच्या यादीपाशी तेच. वीस वर्षांत आईच्या तोंडून ‘दत्तराव’ हा शब्द तिनं एकदाही ऐकला नव्हता. आईनं तो घेतला असेल फक्त लग्नात, नव्या घराच्या उंबऱ्यावर, नणदांनी वाट अडवली तेव्हा.

उंबऱ्यावर!

ती उठली. मशीनमधला चौथा प्रश्न तिनं पुसून टाकला. माइक ओढला, घसा खाकरला आणि नवा प्रश्न भरला. तो ऐकून शेजारच्या बाकावरची मैत्रीण सत्यशीला तोंडावर हात ठेवून खाली वाकली.

मशीन पुन्हा सुरू झालं. नाव, गाव, वय. वय या खेपेला आणखी एक वर्षानं उतरलं. मग मशीन ठसक्यात बोललं, “वहिनी, नाव घ्या नाव! नाव घेतल्याबिगर उंबरा ओलांडू देणार न्हाई!”

“घ्या, वहिनी, घ्या!” मागून पोरींनी गलका केला.

मनकर्णाबाईंनी तोंडावरचा पदर काढून डोक्यावर घेतला. पाठ ताठ केली. या प्रश्नाला काय करायचं ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

“ज्वारीच्या कणसात मोत्यावानी दानं,
दत्तरावांच्या लेकीनं मशीन केलं शहानं!”

मशीननं उखाणा चाळला. त्यानं कणीस सोडलं, मोती सोडले, शहाणपणही सोडलं. पडद्यावर उमटलं, पतीचे नाव : दत्तराव.

वर्ग डोक्यावर घेतला पोरापोरींनी. रेणुका मॅडम हातातल्या पेनसकट टाळ्या वाजवत होत्या. मग त्याच पेननं त्यांनी कागदावर ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि खाली ठळक रेघ ओढली. राजनंदिनी आईच्या गळ्यात पडली. तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही आवरत नव्हतं.

तेवढ्यात तिचं लक्ष घड्याळाकडं गेलं. चार वाजून वीस मिनिटं.

“आबा, चला! गाडी सुटंल!”

दत्तराव शेवटच्या बाकावरून उठून केव्हाच पुढं आले होते. टोपी हातात होती. ते बायकोकडं बघत नव्हते. अगदी निरखून मशीनकडं बघत होते.

“जाऊ दे गाडी,” ते म्हणाले. “मला मागं नीट ऐकू आलं न्हाई. मशीनला म्हन, पुन्हा एकदा विचार तिला.”