कोरी बाजू

एकाच हुकाला लटकवलेलं गळ्यातलं ओळखपत्र हमखास उलटं फिरतं आणि नावाऐवजी कोरी बाजू दिसत राहते. तो वेब डेव्हलपर. दरवर्षीच्या परिषदेत डेटाबेसच्या व्याख्यानांना तो एका ठरावीक तरुणीच्याच शेजारची खुर्ची गाठायचा, पण तिचं नाव काही वाचता आलं नव्हतं, आणि विचारायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. ती भराभर टिपणं काढायची, तो सगळं समजल्यासारखी मान डोलवायचा.

“तुझं काम वेबसाइटचं. डेटाबेसच्या हॉलमध्ये काय दिवे लावतोस?” मित्र डोळे मिचकावून विचारायचा.

यंदा मंचावरून जाहीर झालं, पुढच्या वर्षीपासून परिषद ऑनलाइन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, याने सोडून.

“खरं सांगू?” तो अखेर तिच्याकडे वळला. “मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी तुमच्यासाठी येतो.”

तिने आपलं ओळखपत्र सुलटं केलं. नावाखाली छापलं होतं, ‘वेबसाइट डिझायनर’.



“तुमची मान डोलताना बघून मला वाटलं, हा तुमचा आवडता विषय, म्हणून मी मेली इतकी वर्षं टिपणं काढतेय!”