चटईवरची जागा

जयवंतीने पडवीत लांब चटई अंथरली आणि फडताळातलं इंग्रजी वाचनाचं पुस्तक घेऊन ती चटईच्या पहिल्या टोकाला बसली. समोर खुर्चीत, उशांच्या आधाराने शांताराम सर बसले होते. उजवं अंग लुळं पडल्यापासून त्यांच्या तोंडून ब्रसुद्धा निघाला नव्हता. बायको तरी ओळखू येते की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या सवयीचं काहीतरी कानावर पडू द्या, असं पालघरचे डॉक्टर म्हणाले होते. वाचा आली तर अशीच येईल, नाही तर आशा धरू नका.

सरांच्या सवयीचं काय, ते माहीम गावात कुणीही सांगितलं असतं. शाळा सुटली की याच चटईवर पोरं ओळीने बसायची. एकेकाने बोट ओळीखाली ठेवून धडा मोठ्याने वाचायचा, मग अर्थ सांगायचा. मनासारखं झालं तर सर "व्हेरी गुड" म्हणत. नाही तर नुसतं "नेक्स्ट", की शेजारचा वाचायला लागे. दरवर्षी पोरं नवी, धडे तेच. आता ती पोरं बोईसरच्या क्लासला जातात. तिथे म्हणे दोन महिन्यांत फाडफाड बोलायला शिकवतात. शिकवोत बापडे.

जयवंती तेव्हा दाराआड वाडीतल्या विड्याच्या पानांच्या गड्ड्या लावत बसायची. एकदा तिने "मला पन शिकवा की" म्हटलं, तर सर हसले होते. "पानवेलीशी इंग्रजीत बोलणार आहेस का?" तीही हसली होती. इंग्रजीतलं एक अक्षर तिला ओळखता येत नव्हतं. पण ऐकून ऐकून कुंभाराच्या गाढवाचा धडा तोंडपाठ झाला होता.

"सर, मी वाचू?" ती म्हणाली. नवऱ्याला सर म्हणताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांची थोरली बहीण काशीबाई पायरीवर झाडूसाठी माडाचे हीर काढत होती. "अगो, त्याला देवाचं नाव ऐकव. आता गाढव घेऊन काय करायचं हाय?"

जयवंतीने हाताला येईल ते पान उघडलं आणि कुठल्याशा ओळीखाली बोट ठेवलं. "द पॉटर हॅड अ डाँकी." तिने बोट पुढे सरकवलं. "द डाँकी वॉज ओल्ड अँड लेम."

सरांचा डावा हात हलला. हळूहळू पुढे आला. त्याने पुस्तकाची पानं उलटली, एका पानावर थांबला आणि तिचं बोट धरून पहिल्या ओळीखाली नेऊन ठेवलं.

जयवंतीचा जीव सुपाएवढा झाला. म्हणजे ऐकू येतंय, कळतंय! तिने धडा पहिल्यापासून म्हटला, कुठे अडखळली नाही. अर्थही सांगितला, अगदी सरांच्याच शब्दांत. कुंभाराने गाढवाला माळावर सोडून दिलं, तरी ते रोज संध्याकाळी त्याच्या दारात येऊन उभं राही. मग तिने मान वर केली. तिला व्हेरी गुड नको होतं. त्यांनी जन्मात तिला नावाने हाक मारली नव्हती, तेही नको होतं. एकदा नेहमीसारखं "अगं" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"नेक्स्ट," सर म्हणाले. स्पष्ट, खणखणीत.

काशीबाईच्या हातातले हीर पायरीवर सांडले. "बोलला! माजा शांताराम बोलला! काय बोलला गो? तुजं नाव घेतलं?"

सर जयवंतीकडे पाहत नव्हते. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत होते आणि वाट बघत होते.

"हां," जयवंती म्हणाली. "माजंच."

काशीबाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना साखर वाटायला धावली. जयवंतीने डोळे पुसले, चटईवर एक जागा पुढे सरकली आणि बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं. "द पॉटर हॅड अ डाँकी."

धडा संपला. "नेक्स्ट."

ती आणखी पुढे सरकली.

काशीबाई बायकांचा घोळका घेऊन परतली, तोवर जयवंती चटईच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपाशी पोचली होती. तिचा घसा बसला होता. तिने गाढवाला कुंभाराच्या दारात आणून उभं केलं, अर्थ सांगितला आणि सरांकडे पाहिलं.

सरांनी भिंतीकडे पाहिलं.

"नेक्स्ट."