दुसरी डिस्क

सोमवारपासून आमच्या रक्ततपासणीच्या लॅबचा मुख्य संगणक सुरूच होत नव्हता. त्यात दोन डिस्क होत्या, ड्रॉवरसारख्या पुढून सरकवायच्या. दोन्ही मिळून एकच मोठी डिस्क आहे असं संगणक धरायचा, त्यामुळे एक नसली की दुसरीवरचंही काही उघडत नाही. आणि एक कप्पा चक्क रिकामा होता.

संगणक सांभाळायचं काम माझं. सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी हात वर केले. रविवारी साहेबांनी स्वतः उभं राहून संगणकाची खोली आवरून घेतली होती, म्हणून लॅबच्या मागे टाकलेली कचऱ्याची दोन पोती मी उपसली. काय काय हाताला लागलं ते सांगत नाही. वापरलेले हातमोजे आणि आंबलेला चहा ही त्यातली बरी माणसं. तीन दिवस हाताचा वास गेला नाही. बाहेरच्या बाकावर एक आजी रिपोर्टसाठी रोज येऊन बसायच्या, आणि मी रोज त्यांची नजर चुकवायचो.

गुरुवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी जवळ गेलो तसा त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"डिस्क तुमच्या ताब्यातली होती. एवढंही सांभाळता येत नसेल तर घरी बसा. तो मेमो घ्या आणि सही करा."

मेमो टेबलावरच होता. मी उचलायला हात पुढे केला.



पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून साहेबांनी त्याच्यावर तीच डिस्क ठेवली होती.